गणिताचें पुस्तक कसें निवडावें ?

ग्रंथ हे गुरु होत, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु गुरु निवडतांना जी काळजी घ्यावयाची ती ग्रंथ निवडतांनाही घेतली पाहिजे, हें मात्र विसरतों. दर जून महिन्यांत शाळा उघडतात, पुस्तकांच्या दुकानांत गर्दी होते, आणि शिक्षकांकडे येणारे पालक बहुधा एकच प्रश्न विचारितात : "सर, गणितासाठीं आणखी कोणतें पुस्तक घ्यावें ?" प्रश्न साधा दिसतो, परंतु एखाद्या पुस्तकाचें नांव सांगून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. रोगी पाहिल्यावांचून वैद्यानें औषध सांगूं नये, तसेंच हें आहे. म्हणून नांवांची यादी न देतां, पुस्तक पारखावें कसें याचे कांहीं नियम आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

हा विषय क्षुल्लक नाहीं. भाषा मूल घरीं ऐकतें, बाजारांत ऐकतें, उपासनेंत ऐकतें. तिचें एखादें पुस्तक बेताचें असलें तरी फारसें बिघडत नाहीं. गणिताचें तसें नाहीं. भागाकार कोणी गप्पांच्या ओघांत शिकत नाहीं, आणि येथें एक पायरी हुकली कीं पुढची चढतां येत नाहीं. अपूर्णांक सहावींत कच्चे राहिले कीं आठवींत बीजगणित अडतें, आणि नववींत पोहोंचेपर्यंत मुलगा "गणित आपलें नव्हे" असा स्वतःवर निकाल देऊन मोकळा होतो. चौदाव्या वर्षीं दिलेल्या त्या निकालानें अभियांत्रिकी, शास्त्र, हिशेबनिसी, किंबहुना उत्तम सुतारकी सुद्धां त्यास दुरावते. अशा वेळीं पुष्कळदां दोष मुलाच्या बुद्धीचा नसून, त्याच्या हातीं पडलेल्या पुस्तकाचा, अथवा त्या पुस्तकाच्या वापराचा असतो.

पुस्तक कोणासाठीं ?

सर्वांत पहिला प्रश्न हा कीं, पुस्तक वाचतांना मुलाच्या शेजारीं शिकविणारा कोणी आहे कीं नाहीं ? याचें महत्त्व दोन प्रसिद्ध ग्रंथांवरून चांगलें समजतें.

भास्कराचार्यांची 'लीलावती' इ. स. ११५० च्या सुमारास झाली. तींत नियम श्लोकबद्ध सूत्रांत सांगितले असून त्यांच्यामागून उदाहरणें येतात. उदाहरणें मोठीं रसाळ आहेत. त्यांत भुंगे आहेत, हंस आहेत, मोर व साप आहेत, वाऱ्यानें मोडलेला वेळू आहे. परंतु नियम खरा कां, याची उपपत्ति सूत्रांत नाहीं. ती गुरूनें समोर बसवून सांगावयाची, आणि पुढें टीकाकारांनीं ती लिहून ठेविली. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांची इ. स. १५४५ ची 'बुद्धिविलासिनी' ही अशीच एक टीका आहे. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा त्यांत उल्लेख आढळतो. एवढा थोर ग्रंथ. परंतु त्याच्या अभ्यासासाठीं गुरु व पाठशाळा पाहिजे, हें त्याच्या घरच्याच माणसांनीं ओळखिलें होतें.

दुसरा ग्रंथ इंग्रजी आहे. कार नांवाच्या लंडनमधील एका खाजगी शिक्षकानें १८८० ते १८८६ या काळांत गणितांतील सुमारें पांच हजार सिद्धान्तांचा एक सारसंग्रह प्रसिद्ध केला. परीक्षार्थ्यांस उजळणी करतां यावी एवढाच त्याचा हेतु. त्यामुळें सिद्धता बहुतेक ठिकाणीं गाळलेल्या किंवा अगदीं त्रोटक आहेत. १९०३ च्या सुमारास तो कुंभकोणम् येथें श्रीनिवास रामानुजन् या शाळकरी मुलाच्या हातीं पडला. त्यानें एकेक सिद्धान्त स्वतःच्या बुद्धीनें सिद्ध करण्याचा सपाटा लाविला, आणि पुढें तो जगन्मान्य गणिती झाला. परंतु ही हकीकत ऐकून कोणी पिता आपल्या मुलास सूत्रांची पुस्तिका आणून देईल, तर बहुधा त्याची निराशाच होईल. रामानुजनास जें पुस्तक खाद्य झालें, तें सामान्य मुलास नुसती पाठांतराची यादी होतें.

यावरून पहिला नियम असा निघतो. सूत्रें व निकाल देणारें आटोपशीर पुस्तक शिक्षक जवळ असतां, किंवा विषय एकदां समजल्यावर उजळणीसाठीं चांगलें. ज्याचे आईवडील दिवसभर शेतावर किंवा कामावर असतात आणि जो घरीं एकटाच अभ्यासास बसतो, त्यास मात्र सावकाश, घरगुती भाषेंत समजावून सांगणारें पुस्तकच पाहिजे. मग तें जाड असो कीं साध्या कागदावरचें असो.

तें 'कां' सांगतें काय ?

दुसरी परीक्षा दुकानांत उभ्याउभ्या करतां येते. पुस्तकांतील अपूर्णांकांच्या भागाकाराचें पान उघडावें आणि भाजक उलटा करून गुणावयाचें तें कां, याचें कारण तेथें दिलें आहे काय तें पाहावें.

समजा, सहा लिटर दूध आहे आणि पाऊण पाऊण लिटरच्या बाटल्या भरावयाच्या आहेत. किती बाटल्या भरतील ? कामचलाऊ पुस्तक सांगतें : "भाजक उलटा करून गुणा." उत्तर आठ येतें, आणि तें बरोबरही असतें. परंतु दोन महिन्यांनीं उलटा कोणता करावयाचा, पहिला कीं दुसरा, हें मुलास आठवत नाहीं. कारण आठवण्यास आधारच नसतो. चांगलें पुस्तक सांगेल : प्रथम सहा लिटरचे पाव पाव लिटर करा, ते चोवीस झाले, म्हणजे आपण चारांनीं गुणिलें. एका बाटलींत असे तीन पाव मावतात, म्हणून चोविसांस तिहींनीं भागा, आठ आले. तेव्हां तीन चतुर्थांशांनीं भागणें म्हणजे चारांनीं गुणून तिहींनीं भागणें होय. एवढ्या चार ओळी ज्या पुस्तकांत आहेत, तें पुस्तक मुलास नियमाचा गुलाम न करितां धनी करितें. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द आपल्या घरांत रोज वापरले जातात. त्यांचा आधार जो लेखक घेतो, त्यास शिकविणें कळतें असें समजावें.

सोडविलेलीं उदाहरणें

तिसरी गोष्ट नमुन्याच्या उदाहरणांची. कित्येक पालकांस असें वाटतें कीं, जितकीं उदाहरणें मुलानें सोडवावीं तितकें गणित पक्कें होतें. म्हणून ते उदाहरणांची संख्या पाहून पुस्तक घेतात. सराव पाहिजे यांत शंका नाहीं. तथापि नव्या प्रकाराच्या आरंभींच मुलास उदाहरणांच्या ढिगाऱ्यांत लोटणें हिताचें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील जॉन स्वेलर व ग्रॅहॅम कूपर या दोघां संशोधकांनीं १९८५ सालीं बीजगणिताच्या अध्ययनाविषयीं प्रयोग प्रसिद्ध केले. नवशिक्यानें एक सोडविलेलें उदाहरण नीट अभ्यासावें आणि लागलेंच त्याच धर्तीचें दुसरें स्वतः सोडवावें, हा क्रम नुसतीं उदाहरणें सोडवीत बसण्यापेक्षां सरस ठरला. वेळ कमी लागला आणि तशा धर्तीच्या उदाहरणांत चुकाही कमी झाल्या.

म्हणून पुस्तकांत प्रत्येक प्रकाराचें निदान एक उदाहरण एकही पायरी न गाळतां सोडविलेलें असावें, आणि त्याच्या खालींच मुलासाठीं तसेंच एक ठेविलेलें असावें. पुढें चढण हळूहळू वाढावी. पहिल्या उदाहरणांतच मोठमोठ्या संख्या घालून जें पुस्तक मुलास गुणाकारांतच दमवितें, तें त्याचें लक्ष मुख्य कल्पनेवरून उडवितें.

सराव मिश्र असावा

चौथी परीक्षा उदाहरणसंग्रहाची. पुढील दोन उदाहरणें पाहा. पांच पेन्सिलींस बारा रुपये पडतात, तर सहा पेन्सिलींस किती ? आणि, पांच मजूर एक विहीर बारा दिवसांत खणतात, तर त्याच वेगानें काम करणारे सहा मजूर ती किती दिवसांत खणतील ? दोहोंतील आंकडे तेच आहेत. पहिल्याचें उत्तर चौदा रुपये चाळीस पैसे, दुसऱ्याचें दहा दिवस. पहिलें उदाहरण 'सम प्रमाण' या मथळ्याखालीं व दुसरें 'व्यस्त प्रमाण' या मथळ्याखालीं छापिलें, तर मुलानें विचार करण्याचें कारणच उरत नाहीं. मथळाच त्यास रीत सांगतो. पान भरतें, शेरा चांगला मिळतो, आणि परीक्षेंत मथळा नसतो तेव्हां तोच मुलगा विहीर खणावयास सहा मजुरांस पांचांपेक्षां अधिक दिवस लावतो !

या बाबतींत अमेरिकेंतील डग रोहरर व केली टेलर यांचा २००७ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस त्यांनीं चार निरनिराळ्या घनाकृतींचें घनफळ काढण्यास शिकविलें. एका गटास एका वेळीं एकाच प्रकारचीं उदाहरणें दिलीं, दुसऱ्यास चारी प्रकार मिसळून दिलीं. सरावाच्या वेळीं पहिल्या गटाचीं शेंकडा ८९ उत्तरें बरोबर आलीं, आणि मिश्र गटाचीं ६०. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हां मात्र पहिला गट २० वर घसरला आणि मिश्र गट ६३ वर राहिला. म्हणजे सरावाच्या वहींत दिसणारीं बरोबरच्या खुणांचीं पानें हा शिकल्याचा पुरावा नव्हे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं मागील प्रकरणांतील उदाहरणें मिसळून दिलेला संग्रह आहे काय, हें घेण्यापूर्वीं अवश्य पाहावें. नसल्यास पालकांस तो घरींच करतां येतो : पुस्तकांतील निरनिराळ्या पानांवरचीं पांच उदाहरणें एका कागदावर उतरून द्यावीं, झालें.

उत्तरें व गाइडें

शेवटीं उत्तरें असावींत, हें खरें. कारण एकट्यानें अभ्यास करणाऱ्यास आपण वाटेवर आहों कीं आडवाटेस लागलों हें कळलें पाहिजे. परंतु प्रत्येक उदाहरण पूर्णपणें सोडवून देणारीं गाइडें हा अगदीं वेगळा प्रकार आहे. सोडविलेलें उदाहरण वाट दाखविण्यासाठीं असतें. गाइड मुलाच्या वतीनें चालून येतें. मुलगा गाइडांतून उतरतो, वही पूर्ण होते, पालक संतुष्ट होतात, शिक्षकही घाईंत सही करितात. आणि या चौघांपैकीं कोणासही मुलास काय येतें हें ठाऊक नसतें. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिण्याची ही संवय गणितापुरती राहत नाहीं. आपलें नसलेलें काम आपलें म्हणून दाखविण्यास मूल तेथें प्रथम शिकतें, आणि हा तोटा गुणपत्रिकेंत कोठेंच लिहिलेला नसतो. गाइड घरांत असलेंच तर तें वडीलधाऱ्या माणसाच्या हातीं असावें, आणि मुलानें स्वतः प्रयत्न करून अडलेल्या जागेपुरतेंच तें उघडावें.

स्वाध्यायपुस्तिका

आतां ज्यांत उत्तर लिहिण्यास रिकामी जागा छापिलेली असते, त्या स्वाध्यायपुस्तिकांविषयीं. लहान वर्गांत त्यांचा खरा उपयोग आहे. अंक गिरविणें, चित्रें मोजणें, घड्याळाचे कांटे काढणें, संख्यारेषेवर खूण करणें, ह्या गोष्टी छापील पानावर सोयीच्या होतात. मात्र पुस्तिका आपल्या भाषेंतील मुलाची अडचण जाणणारी असावी. मराठींत 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं ऐकूं येतात व वीस मागून. लिहावयाचे मात्र आधीं दोन व मग पांच. म्हणून कित्येक मुलें पंचविसांच्या ठिकाणीं बावन्न लिहितात. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस पाच' अशी वाचनाची दुसरी रीत आली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा वाद झाला, हें पुष्कळांस आठवत असेल. ती रीत कोणास आवडो वा न आवडो, तिच्यामागील अडचण खरी होती. इंग्रजीवरून जशीच्या तशी उतरलेली पुस्तिका ही अडचण ओळखीत नाहीं. दहादहा काड्यांच्या जुड्या व सुट्या काड्या दाखवून दशक आणि एकक यांचा भरपूर सराव जी देते, ती पुस्तिका आपल्या मुलांच्या कामाची.

पांचवीच्या पुढें मात्र छापील रिकाम्या जागा कमी होत गेल्या पाहिजेत. चौकट छापिलेली असली कीं मांडणी पुस्तकानें केलेली असते, आणि मूल केवळ आंकडा भरतें. मांडणी हीच तर गणिताची अर्धी विद्या ! दिलेलें काय, काढावयाचें काय, पहिली पायरी कोणती, हें कोऱ्या पानावर स्वतःच्या हातानें लिहितां आलें पाहिजे. दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीचीं कोरीं पानें घालण्याचा प्रयोग महाराष्ट्र शासनानें २०२३-२४ या वर्षापासून केला, आणि २०२५ च्या जानेवारींत तो पुढील वर्षापासून थांबविण्याचा निर्णय घेतला. पान पुस्तकांत शिवलेलें असो कीं वेगळ्या वहींत, त्यावर मुलाचा स्वतःचा विचार उतरला तरच त्याचा उपयोग. दोन पुस्तिकांच्या किंमतींत एक चौकटींची व दोन एकरेघी वह्या येत असतील, तर पालकांनीं खुशाल वह्या घ्याव्या.

भाषेचा प्रश्न

सेमी-इंग्रजी वर्गांतील मुलांची आणखी एक अडचण असते. गणित इंग्रजींत, आणि घरीं मदत करणारी आई किंवा थोरला भाऊ मराठींत शिकलेला. मुलास अडतें तें पुष्कळदां गणित नव्हे, वाक्य. अशा घरीं नवें महाग पुस्तक न घेतां त्याच इयत्तेचें मराठी पाठ्यपुस्तक शेजारीं ठेवावें. बालभारतीचीं पुस्तकें निरनिराळ्या माध्यमांत निघतात आणि तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेतां येतात. एकच प्रकरण दोन्ही भाषांत वाचिलें म्हणजे आईस लसावि म्हणजे काय हें आठवतें आणि मुलास त्याचें इंग्रजी नांव कळतें. दोघांचें काम होतें.

एक पुस्तक आनंदासाठीं

पाठ्यपुस्तक व वही यांखेरीज एक छोटें पुस्तक असें असावें कीं, ज्याच्यावर परीक्षा नाहीं. नाशिकजवळ देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं शोधिलेला एक चमत्कार पाहा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारी अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडा, मग चढत्या क्रमानें, आणि मोठींतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हां करा. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ उरतात. ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. पुढें कितीही वेळां करा, ६१७४ च येतात. कोणत्याही संख्येपासून निघालें तरी फार तर सात वजाबाक्यांत येथेंच येऊन पोहोंचतां येतें. पुस्तिकेंतील वीस वजाबाक्या जो मुलगा कंटाळत करितो, तोच ह्या खेळांत न सांगतां चाळीस करितो. मंगला नारळीकर यांचें 'गणितगप्पा' हें अशा वाचनासाठीं मराठींत लिहिलेलें पुस्तक आहे. शाळेच्या ग्रंथालयांत असें एखादें तरी असावेंच.

किती घ्यावीं ?

थोडींच. एक पाठ्यपुस्तक, समजावून सांगणारें एक पुस्तक, साध्या वह्या, आणि आनंदासाठीं ग्रंथालयांतून आणिलेलें एक. यापेक्षां अधिकाची गरज सामान्य विद्यार्थ्यास नाहीं. पांच पुस्तकांतील पहिलीं दोन दोन प्रकरणें सोडविणें म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत किंवा आपल्या गांवच्या दुकानांत जातांना मुलास बरोबर न्यावें. त्यास सध्यां अडत असलेलें एक प्रकरण ठरवून घ्यावें, आणि दोन तीन पुस्तकांतून तेवढेंच पान त्यास वाचावयास द्यावें. जें वाचून तो आपल्या शब्दांत सांगूं शकेल, तें त्याचें पुस्तक. मागील वर्षाच्या विद्यार्थ्याचें जुनें पुस्तक मिळालें, अभ्यासक्रम तोच असला, आणि त्यांत उत्तरें लिहून ठेविलेलीं नसलीं, तर नव्याचा आग्रह धरूं नये.

बुरूज बांधूं इच्छिणारा शहाणा मनुष्य आधीं बसून खर्चाचा अंदाज करितो, हा शुभवर्तमानांतील दाखला आपण सर्वांस परिचित आहे. पुस्तकाचा खरा खर्च त्याच्या पाठीवर छापिलेल्या रुपयांत नसतो. रोज अर्धा तास, पेन्सिल हातांत घेऊन, वर्षभर, हा तो खर्च होय. विद्यार्थिमित्रहो, एवढा खर्च करण्याची तुमची तयारी असेल तर येत्या जूनमध्यें एकच पुस्तक घ्या, त्यावर आपलें नांव घाला, आणि तें शेवटच्या पानापर्यंत न्या. तुमच्या श्रमांस देव यश देवो.